लिनक्ससाठी लॅपटॉप घेताय? बिलाआधी खोकं उघडून घ्या

लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) चालेल असा लॅपटॉप जळगावात घ्यायचा म्हणजे काय डोकेदुखी आहे ते नुकतंच भोगलंय, अजून राग गेला नाहीये, म्हणून लिहितोय. घरी डेस्कटॉपवर बरीच वर्षं मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) वापरतो, विंडोज लागतच नाही. बजेट, रॅम, प्रोसेसर सगळं अमळनेरहून निघतानाच ठरलेलं होतं.

अडलं ते वायफायपाशी. एकाच मॉडेलमधे कंपन्या वेगवेगळी वायफाय कार्डं टाकतात आणि खोक्यावर छापतात फक्त 'वायफाय 6'. लिनक्सला चिप कुठली ते कळायला हवं, कारण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, चिपप्रमाणे असतो. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "भाऊ, वायफाय सगळ्यांनाच असतं." मी म्हटलं खोकं उघडा, पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे. तर "आधी बिल करा, सील तोडलं की माल तुमचा, परत घेणार नाही." अरे पण चाललं नाही तर पन्नास हजाराचं मशीन मी काय करू? मग डिस्ट्रिब्युटरला फोन, तो जेवायला गेलेला, बसा. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत मी स्टुलावर, वडिलांचा फोन, "काय व्हयनं, भेटना का?" शेवटी डिस्ट्रिब्युटरचं उत्तर आलं, विंडोज 11 ओरिजिनल आहे! मी विचारलं काय आणि सांगताय काय. वर आणखी, लिनक्स टाकलं तर वॉरंटी जाते म्हणे. कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं तर कागद काही निघाला नाही. पेनड्राइव्हवरून चालू केलं तर आतल्या विंडोजला हातही लागत नाही, त्याचं सेटअप तसंच राहतं, हे किती वेळा सांगितलं, पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर काय.

उठलो आणि दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने आधी डेमो पीसवर डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टरमधे कार्डाचं नाव दाखवलं. मग थोडं टोकन घेऊन, वायफाय चाललं नाही तर टोकन परत असं चिठ्ठीवर लिहून देऊन, सीलबंद पीस माझ्यासमोर उघडला. मिंट चालू झालं, कोपऱ्यात वायफायची यादी आली आणि काय हायसं वाटलं! इंटेलचं कार्ड निघालं. पैसे दिले.

पेनड्राइव्हवर मात्र नवीन व्हर्जन घेऊन जा. रियलटेकच्या 8852बीई चिपचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) 6.2 मधे आला, कर्नल 5.15 वालं जुनं मिंट लावलं तर वायफाय दिसणारच नाही आणि तुम्ही चांगलं मशीन उगाच सोडून याल. आवाज, टचपॅड, ब्राइटनेस तिथेच बघा, झाकण लावून परत उघडून पण बघा, झोपलेलं मशीन उठतं का ते कळतं.

इन्स्टॉल करताना एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, दिसली नाही तर घाबरू नका, बायोसमधे (मशीन चालू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमधे) व्हीएमडी हा इंटेलचा डिस्क सांभाळणारा पर्याय बंद करा. विंडोज ठेवायचं असेल तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, आणि व्हीएमडी बंद केल्यावर विंडोज सुरू व्हायला कुरकुर करू शकतं हेही धरून चाला. मी ठेवलंच नाही.