उजव्या कुशीवर वळा, मावशी

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढताना पेशंट डाव्या कुशीवर. आमच्या पलंगाला खाचसुद्धा त्याच बाजूला असते. गडहिंग्लजकडच्या या मावशींनाही तसंच झोपवलं. वय 46, दोन बाळंतपणं झालेली, दम्याचा पंप कित्येक वर्षं चालू, रिपोर्टांची जाडजूड पिशवी. जुन्या एका इकोत लिहिलेलं: 'पडदा शाबूत, उजवी बाजू किंचित मोठी.'

किंचित कसली! उजवा कप्पा डाव्याला दाबत होता. झडपा ठीक, फुप्फुसातला दाबही फार नाही. मग एवढं जादा रक्त येतंय कुठून? उजवी बाजू मोठी आणि कारणाचा पत्ता नाही, तो रिपोर्ट माझ्या लेखी अर्धाच.

"मावशी, आता उजव्या कुशीवर वळा."

"तिकडं बी हृदय असतंय व्हय?"

प्रोब छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला टेकवून जरा फिरवला. शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयात आणणारी वरची महाशीर लांबच्या लांब दिसली आणि ती हृदयात शिरते तिथंच, पडद्याच्या पार वरच्या टोकाला, भोक. सायनस व्हेनोसस एएसडी! एएसडी म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, कर्णिकांमधल्या, पडद्याला जन्मजात भोक. नेहमीचं भोक पडद्याच्या मधल्या भागात असतं, हे कोपऱ्यातलं निसटतं. सीटीत पुढचं कळलं: उजव्या फुप्फुसाची वरची शीर डाव्या कर्णिकेऐवजी महाशिरेतच उघडत होती. म्हणजे शुद्ध झालेलं रक्त जन्मापासून पुन्हा फुप्फुसाकडंच.

निदान चुकलं की काय होतं, याचा दाखला ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या इतिहासातच आहे. 1952 मध्ये ते यंत्र बनवणाऱ्या सर्जन जॉन गिबननी एएसडी समजून एका बाळाचं हृदय उघडलं, भोक नव्हतंच. बाळ गेलं, शवविच्छेदनात पीडीए निघाला, म्हणजे जन्मानंतर मिटायला हवी ती हृदयाबाहेरची नळी उघडीच राहिलेली. 6 मे 1953 ला यश आलं ते 18 वर्षांच्या मुलीत. तिला खरोखरच एएसडी होता.

"छत्री बसवून भागंल की," मावशींचे यजमान म्हणाले. छत्री म्हणजे शिरेतून नळीनं नेऊन भोकात बसवायचं झाकण. नाही भागत. छत्रीला वरून धरायला कडच नसते आणि शीर चुकीच्याच जागी राहते. कॅथ करून, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून, फुप्फुसातला दाब मोजला. तो फार चढलेला असता तर भोक बुजवणंच धोक्याचं होतं.

सर्जननी वॉर्डन पद्धत निवडली. महाशीर त्या चुकार शिरेच्या वर कापून उजव्या कर्णिकेच्या कानाला जोडली, खालच्या बुंध्यातलं रक्त पॅच लावून भोकातून डावीकडं वळवलं. ठोके सुरू करणारी गाठ महाशीर आणि कर्णिकेच्या मूळ सांध्यावरच असते, तिला हात लागला नाही.

दम्याचा पंप सुटलाय. जोड अरुंद होत नाही ना, हे बघायला मावशी इकोला येतात. त्यांच्या मुलीचाही एकदा इको करू या म्हटलंय. ती मात्र अजून फिरकलेली नाही.