आयआरए आणि चुकीचं वर्ष : माझा अनुभव

जून लागला तरी त्या फोनचं होल्डवरचं संगीत माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणून एकदाचं लिहून टाकते. अमेरिकेत नव्याने आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठी स्वतःचं बचत खातं, उघडणाऱ्या कुणाचे तरी चार तास वाचतील.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी दातांच्या एका लहान दवाखान्यात काम करते, तिथे ४०१ के, म्हणजे नोकरीतून मिळणारी निवृत्ती योजना, वगैरे काही नाही. २०२४ चा रिटर्न आम्ही फेब्रुवारीतच भरला आणि त्यात माझ्या ट्रॅडिशनल आयआरएचे (यात भरलेल्या पैशांची करात वजावट मिळू शकते) ७,००० डॉलर वजावट म्हणून दाखवले. खात्यात तेव्हा एक डॉलरही नव्हता. नवरा बिचकत होता, पण हे नियमात बसतं. वजावट आधी घेता येते, पैसे मात्र १५ एप्रिलच्या आत भरलेच पाहिजेत. रिफंड आला, त्यात बचतीतले घातले आणि २८ मार्चला पाठवले.

२ एप्रिलला लॉगिन केलं तर तिथे लिहिलेलं, ‘२०२५ चं कॉन्ट्रिब्यूशन’.

जानेवारी ते १५ एप्रिल या काळात मागचं आणि चालू अशा दोन्ही वर्षांसाठी पैसे भरता येतात, त्यामुळे पैसे भरताना वर्ष निवडावं लागतं. रकान्यात आधीपासून चालू वर्ष असतं. मी ते बदललं होतं, मला पक्कं आठवतंय. पण स्क्रीनशॉट काढला नव्हता. तुम्ही काढा, पावतीच्या पानाचाही काढा.

खातं ज्या कंपनीत आहे तिथे फोन लावला. पहिल्या फोनला पन्नास मिनिटं होल्डवर. मग उत्तर मिळालं, वर्ष बदलत नाही, रिटर्न दुरुस्त करा. म्हणजे १०४०-एक्स भरायचा आणि आमच्या २२ टक्क्यांच्या स्लॅबप्रमाणे १,५४० डॉलर परत करायचे! दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस म्हणाला, पैसे काढून घ्या आणि पुन्हा भरा. बँकेतून यायला-जायला किती दिवस लागतील, हे त्याला सांगता येईना. तिसरीने सांगितलं, वर्ष बदलायचा फॉर्म पोस्टाने पाठवा, सात ते दहा कामाचे दिवस लागतील. मी कॅलेंडर काढून मोजलं, तर उत्तर १८ एप्रिलला येत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक माझी नव्हती आणि प्रत्येक जण तिसरंच काहीतरी सांगत होता, याचाच जास्त संताप होता.

चौथ्यांदा फोन लावला तो थेट रिटायरमेंट विभाग मागण्यासाठी. तिथल्या बाईंनी तारीख पाहिली आणि म्हणाल्या, पैसे १५ एप्रिलच्या आधी आलेत ना, मग वर्ष बदलून देतो. सहीचं एक पत्र अपलोड करायला सांगितलं. दहा मिनिटांचं काम! ११ एप्रिलला खात्यावर २०२४ दिसलं आणि मी जिन्यातच बसले, इतकं हलकं वाटलं. तेव्हा पहिल्या माणसाच्या ‘नाही’वर थांबू नका. प्रत्येक फोनची वेळ आणि समोरच्याचं नाव लिहून ठेवा. माझं पत्र त्या नोंदींवरूनच नीट लिहिता आलं.

हो, एक राहिलं. रिटर्नला ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घेतली तरी आयआरएची मुदत वाढत नाही. माझी एक मैत्रीण याच समजुतीत होती. आणि नवऱ्याला किंवा बायकोला ऑफिसात ४०१ के असेल तर तुमच्या वजावटीवर उत्पन्नाची मर्यादा येते. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना २०२४ साठी २,३०,००० डॉलरपर्यंत पूर्ण वजावट होती, आम्ही त्याच्या आत होतो. न्यू जर्सी राज्याच्या रिटर्नमध्ये मात्र ही वजावट मिळतच नाही, तिथे शोधत बसू नका.

मेच्या शेवटी ५४९८ फॉर्म आला, म्हणजे आयआरएत कोणत्या वर्षासाठी किती भरले हे सांगणारा कंपनीचा कागद. वर २०२४, पहिल्या चौकटीत ७,०००. तो कुठे पाठवायचा नसतो. नवऱ्याला फोटो पाठवला आणि रिटर्नच्या फायलीत सगळ्यात वर लावून ठेवला.