मार्चात पानं असलेलं झाड

घरामागच्या जागेत झाड लावणाऱ्यांच्या बहुधा तीन मागण्या असतात. शेजारच्या खिडकीतून आपण दिसू नये, दुपारी सावली पडावी आणि वर्षातून एकदा तरी झाडानं रंग दाखवावा. तिन्ही एकाच झाडाकडून मागितलं की निवड फसते.

थंड देशांत सरसकट सांगतात, दक्षिणेला पानगळीचं झाड लावा, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळतं. तिकडे ते बरोबर आहे. आपल्याकडे पानगळ शिशिरात होते आणि उन्हाचा चटका मार्चातच बसू लागतो. एप्रिलच्या सुरुवातीला गुलमोहराखाली उभं राहून वर बघा. काळ्या शेंगा आणि आभाळ, बाकी काही नाही. म्हणून सावलीच्या झाडाला पहिला प्रश्न असा विचारायचा, की मार्च ते मे याच्या अंगावर पानं असतात का?

दुसरा प्रश्न दिशेचा. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या झाडाची सावली त्याच्या बुंध्यापाशीच पडते, घराला तिचा उपयोग नाही. त्रास देतं ते चार-पाच वाजताचं ऊन, आणि ते येतं पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडून. २० फूट उंच झाडाची सावली चार वाजता साधारण २३ फूट लांब जाते, पाच वाजता ४० फुटांच्या आसपास. त्यामुळे तापणाऱ्या भिंतीपासून पश्चिमेला १२ ते १५ फुटांवर एक मध्यम झाड पुरतं.

त्या जागेसाठी आमची पहिली पसंती करंजाला. त्याची पानगळ थोड्या दिवसांत उरकते आणि ऐन उन्हाळ्यात पोपटी पालवीनं झाड भरून जातं. पानांवर गाठी आणि पांढरे डाग दिसतात. दिसायला वाईट, पण झाडाला धोका नसतो, औषध मारत बसू नका. कडुनिंबही पाडव्यापर्यंत नव्या पानांत येतो, मात्र त्याचा पसारा मोठा, त्याला घरापासून २० फूट तरी सोडावेत. बकुळ सदाहरित आणि दाट. सगळ्यात सभ्य झाड म्हणावं असं, फक्त पहिली पाच-सहा वर्षं धीर धरावा लागतो. जांभळाची सावली उत्तम, पण खाली फरशी किंवा गाडी असेल तर जूनमध्ये पस्तावाल.

आडोशाचा हिशेब वेगळाच. इथे झाड किती उंच यापेक्षा ते कुठे उभं आहे हे जास्त महत्त्वाचं. समजा, शेजारच्या पहिल्या मजल्यावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून १६ फुटांवर आहेत, ती खिडकी तुमच्या खुर्चीपासून ३० फूट लांब आहे आणि बसल्यावर तुमचे डोळे ४ फुटांवर येतात. झाड खुर्चीपासून २० फुटांवर, कुंपणालगत लावलंत तर ते १२ फूट व्हायला हवं. तेच १० फुटांवर आणलंत तर ८ फुटांत काम भागतं, म्हणजे दोन-तीन वर्षं वाचली. आकडेमोड नको असेल तर लांब बांबूच्या टोकाला फडकं बांधा. एकानं खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं बांबू धरून मागेपुढे सरकायचं. फडकं खिडकीच्या वरच्या कडेला टेकलं की जागा आणि उंची दोन्ही कळतात.

आठ-दहा फुटांच्या आडोशाला कुंती चांगली. दोन-अडीच फुटांवर एक रोप, वाढ सावकाश, पण खालपासून वरपर्यंत दाट, आणि पावसाळ्यात फुलांचा वास घरात येतो. त्याहून उंच हवं असेल तर लोक हिरवा अशोक लावतात, तोच तो खांबासारखा सरळसोट, ज्याला खोटा अशोक म्हणतात. लावायला हरकत नाही, पण पाच-सहा फुटांचं अंतर ठेवा. घाईनं तीन-तीन फुटांवर लावलेल्या रांगेत खालच्या फांद्यांना उजेड मिळत नाही, त्या वाळतात, आणि नेमका नजरेच्या उंचीवर आडोसा उघडा पडतो. वर मात्र गच्च! सावलीची अपेक्षा याच्याकडून ठेवू नये. झटपट वाढतो म्हणून विकला जाणारा कोनोकार्पस टाळाच. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि घरात लहान मुलं किंवा गुरं असतील तर कण्हेरीचं कुंपण नको, ती सर्वांगानं विषारी.

आता रंग. आपल्याकडे तो शरदात येत नाही, शिशिर-वसंतात येतो, आणि बऱ्याचदा गळणाऱ्या पानांपेक्षा नव्या पालवीचा असतो. लहान जागेसाठी तामण घ्या. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात, आणि एप्रिल-मेमध्ये जांभळे तुरे येतात; राज्याचं फूल आपल्या परसात. मूळचं ओढ्याकाठचं झाड, म्हणून देशावर त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. हे झाड दक्षिणेला किंवा आग्नेयेला लावा. ऐन थंडीत ते उघडं असतं तेव्हा कोवळं ऊन ओट्यापर्यंत येतं. तिकडचा सल्ला इथे एवढ्यापुरता लागू पडतो.

देशी बदामाची पानं जानेवारी-फेब्रुवारीत लालभडक होतात आणि मार्चपर्यंत नवी येतात, म्हणजे रंग आणि सावली दोन्ही. पण वीतभर लांब पानं गच्चीची पन्हळ तुंबवतात, मुळं फरश्या उचलतात आणि फळांच्या दिवसांत वटवाघळांचा राबता असतो. कोकण-गोव्यात मोठं परसू असेल तरच. तिथल्या दमट हवेत नागचाफा जास्त शोभतो. सदाहरित, शेंड्याकडे निमुळता, नवी पालवी लालबुंद, आडोसाही होतो. वाढ मात्र गोगलगायीची. कुसुंबाची फेब्रुवारी-मार्चमधली लाल पालवी ज्यानं पाहिली त्याला दुसरं काही नको असतं, पण तो मोठा वृक्ष आहे, शेताच्या बांधावर शोभेल. अर्ध्या गुंठ्यात नको.

निवड घाईनं करू नका, कारण शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. भिंतीला टेकलेला निंब दहा वर्षांनी सहज काढता येत नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, ३ × ३ × ३ फूट, आणि पंधरा दिवस तापू द्या. कठीण मुरमात खड्ड्याचा हौद होतो आणि मुळं कुजतात. त्यासाठी तळ पहारीनं फोडा, दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर रोप खड्ड्यात न लावता फूटभर उंचवट्यावर लावा. भरताना माती, त्यात दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलंत तर वाळवीला आमंत्रण. पहिला चांगला पाऊस झाल्यावर लागवड करा. पिशवी फाडल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर धारदार सुरीनं दोन-तीन जागी उभी चिरा, नाहीतर चार-पाच वर्षांनी तीच खोडाला फास लावतात. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच रोप पुरा. खोडाभोवती मातीचा ढीग केला की साल कुजते.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर पाणी, वर चार बोटं पालापाचोळा, खोडाला न चिकटवता. आळं दरवर्षी फूटभर रुंद करत न्या; बुंध्याशीच पाणी घालत राहिलं की मुळं बाहेर पसरत नाहीत. आधाराची काठी सुतळीनं इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधा आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाका.