आमची वाटचाल : कूलरच्या स्टँडपासून गॅस ग्रिलपर्यंत

वरोरा तालुक्यातल्या आमच्या गावात वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात कूलरचे स्टँड, पेरणीआधी वखराच्या पासा, बाकी वर्षभर खिडक्यांच्या जाळ्या. पुढे ताडोबा जंगलाच्या दाराशी, मोहर्लीकडे रिसॉर्ट वाढले, चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर ढाबे वाढले, आणि दुरुस्तीला वेगळीच वस्तू येऊ लागली : गॅसवर चालणारं मोठं ग्रिल, म्हणजे चारब्रॉयलर. दुरुस्त करता करता आम्ही ते बनवायलाही लागलो.

खाली बर्नरच्या नळ्या, त्यांच्यावर ज्योत झेलून तापणारे कौलासारखे पत्रे, वर बिडाची जाळी, तळाशी चरबीचा ट्रे. कोंबडी असो की भरताची वांगी, भाजतात ती या पत्र्यांच्या धगीवर. पत्र्यांवर जळकट साचलं की माल एकीकडे करपतो, दुसरीकडे कच्चा राहतो. मग फोन येतो, "भाऊ, मशीन बिघडून राह्यली." बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते, साफ केलेली नसते.

म्हणून मशीन बसवली की आम्ही मालकाला नाही, उस्तादाला, म्हणजे ग्रिलवरच्या स्वयंपाक्याला शिकवतो. त्याने स्वतःच्या हाताने सगळी सुटी करून पुन्हा जोडली, की मगच आम्ही निघतो. पेटवण्याआधी जमिनीलगत वास घ्यायचा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. पंधरा-वीस मिनिटं तापू द्यायची, गरम जाळीवर तारेचा ब्रश मारायचा आणि चिमट्यात धरलेल्या ओल्या फडक्याने पुसायची. ब्रशची तुटकी तार जेवणात गेली तर गिऱ्हाईकाच्या घशात अडकते. तापलेल्या बिडावर गार पाणी कधीच ओतायचं नाही, तडा जातो. ट्रे रोज रिकामा करायचा, तिथली चरबी पेटली तर आग थेट चिमणीत चढते. आठवड्यातून एकदा थंड मशीनची जाळी नि पत्रे काढून धुवायचे, कोरडे करायचे, जाळीला तेलाचा हात द्यायचा. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची छिद्रं बारीक तारेने मोकळी करायची, पण मोठी होऊ द्यायची नाहीत.

आमची खरी धावपळ सप्टेंबरात. ताडोब्याचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, तेव्हा बरीच स्वयंपाकघरं थंडावतात. तेवढ्यात कुंभारीण माशी बर्नरच्या तोंडाशी, हवा शिरते त्या नळीत मातीचं घर बांधते. तसंच पेटवलं तर ज्योत उलटून नॉबकडे येते. म्हणून हंगामाआधी प्रत्येक नळी बाहेर काढून साफ करतो आणि सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासतो.

थंडीत तक्रार वेगळी. १९ किलोच्या एकाच सिलिंडरवर मोठं ग्रिल ओढलं की सिलिंडरवर बर्फ धरतो आणि ज्योत बसते. काहीजण सिलिंडरखाली निखारे ठेवतात. हे पाहिलं की अंगावर काटा येतो. दोन सिलिंडर एकत्र जोडून दिले की प्रश्न सुटतो.

बाजारातल्या बऱ्याच मशीनचा ट्रे मागून निघतो, आणि भिंतीला टेकलेली मशीन रोज कोण सरकवणार? आमचा ट्रे समोरून ओढायचा, मोठ्या मुठीचा. सोबत खरवडणी, ब्रश आणि छिद्रांची तार देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.