दुसऱ्यांची फुलं

काल दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करताना पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीवर एक डाग दिसला. बोटभर लांब, हळदीपेक्षा गडद, गेरूपेक्षा फिका. हळदीचा असता तर मी पाहून न पाहिल्यासारखं केलं असतं. आमच्याकडे हळदीचा डाग नसलेला कपडा म्हणजे पाहुण्यांचा. पण हा लिलीच्या परागांचा होता, आणि त्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजते. परागांना पाणी दाखवायचं नसतं. चिकटपट्टी हलकेच टेकवायची आणि उचलायची, पुन्हा टेकवायची, पुन्हा उचलायची. पाणी लागलं की ते धाग्यात मुरतात. हा कुर्ता तर मशीनमधून धुऊन निघालेला.

ही अक्कल मला मिनेसोटात आल्यावर आली. सहा वर्षं झाली, दर जुलैत इथल्या लिली प्रदर्शनात पुष्परचनेच्या स्पर्धेला मी प्रवेशिका भरते. पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "लिली म्हणजे ती हारातली?" तिची लिली म्हणजे दादरच्या फुलबाजारात जुडीने मिळते ती, पांढऱ्या लांब कळ्यांची. ती इथे दारातूनच परत पाठवली असती. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती नर्गिसाच्या कुळातली, म्हणजे कांदा-लसणाचीही नातेवाईक. इथे फक्त 'लिलियम', म्हणजे अस्सल लिलीची प्रजाती चालते. कॅला लिली नाही, पीस लिली नाही. डे-लिलीसुद्धा नाही, कारण ती कंदातून येत नाही आणि तिचं एकेक फूल एका दिवसाचं. एका वर्षी मी सोसायटीच्या कुंपणाजवळची केशरी डे-लिली ऐटीत घेऊन गेले होते. प्रवेशिका घेणाऱ्या बाईंनी ज्या नजरेने बघितलं, ती मला ओळखीची वाटली. गणपतीला चुकून तुळस वाहिली तेव्हा आजीने तसंच बघितलं होतं.

आजीच्या देवघराचं नियमपत्रकही असंच होतं. शंकराला केतकी नाही. गणपतीला लाल जास्वंद, बाळकृष्णाला तुळस, नखाने देठ कुरतडलेलं फूल कोणालाच नाही. त्यामुळे इथलं पत्रक हातात आलं तेव्हा मला काहीच जड गेलं नाही. रचनेत लिली ठळक दिसलीच पाहिजे, कृत्रिम पान-फूल चालणार नाही, रुंदी अमुक इंच, विषय तमुक. देव तेवढे बदलले.

प्रदर्शनाचे खरे मानकरी आम्ही नव्हे, लिली वाढवणारे. त्यांचा एकेक दांडा बाटलीत ताठ उभा असतो आणि परीक्षक त्याच्याभोवती मुलगी बघायला आल्यासारखे फिरतात. लिलीचे वर्गही किती: आशियाई, मार्टॅगन, ट्रम्पेट, ओरिएंटल. ओरिएंटल आणि ट्रम्पेटच्या संकरातून झालेल्या त्या ओरिएनपेट. पुन्हा फूल वर बघतं, समोर बघतं की खाली, यावरूनही पोटवर्ग. लवकर फुलू लागलेले दांडे ही मंडळी फ्रिजमध्ये थोपवून धरतात आणि त्या काळात त्यांच्या घरी सफरचंद फ्रिजमध्ये जात नाही, कारण फळातून निघणाऱ्या इथिलीनने फुलं लवकर म्हातारी होतात. त्यांच्या फुलातले पुंकेसर शाबूत हवेत. आम्ही रचनावाले ते चिमटीने खुडून टाकतो, पराग सांडायच्या आत. त्यामुळे ते आमच्याकडे जरा न्हाव्याकडे बघावं तसं बघतात.

पण आमच्या विभागातली एक अट मला फार आवडते. फुलं स्वतः वाढवलेली असलीच पाहिजेत असं नाही. दुसऱ्यांची चालतात.

दुसऱ्यांच्या फुलांचा माझा अनुभव मोठा आहे. साताऱ्याला पहाटे आजीबरोबर परडी घेऊन निघायचे. आमच्या अंगणात एक तगर आणि एक गोकर्णीचा वेल, बाकी सगळी आळी आमची. आजीच्या काखेत बाराही महिने छत्री. मे महिन्यात कोणी विचारलं तर "ऊन लागतं" म्हणायची, पहाटे साडेपाचला. छत्रीच्या वाकड्या मुठीने फांदी ओढायची आणि मी खुडायचं. रस्त्यावर सांडलेला प्राजक्त वेचणाऱ्याचा, भिंतीबाहेर आलेली जास्वंद वाटसरूची, आणि भिंतीच्या आतली देवाची, असा तिचा कायदा होता. झाडावर दोन तरी ठेवायची, हेही त्यातलंच कलम.

शेजारच्या काकूंचा अनंत मात्र भिंतीच्या पुष्कळच आत होता. काकू रात्री कळ्या मोजून झोपायच्या. "काल सात होत्या," त्या सकाळी आपल्या ओट्यावरूनच, कोणाचंही नाव न घेता, मोठ्याने म्हणायच्या. आजी आपल्या ओट्यावरून, तसंच कोणाचंही नाव न घेता, "देवालाच तर वाहिली, कोणी डोक्यात नाही माळली." दुपारी नैवेद्याच्या वाटीवर अनंताचं तेच फूल ठेवून ती मला काकूंकडे पाठवायची. काकू फूल डोळ्यांना लावायच्या, वाटी रिकामी करून परत द्यायच्या. वाटीत कधी गूळ, कधी चार शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा "काल पाच होत्या."

पहिल्या वर्षीच्या स्पर्धेत माझ्या वर्गात दोनच प्रवेशिका होत्या आणि मला तिसरं बक्षीस मिळालं. इथे असं होतं. रचना त्या तोडीची वाटली नाही तर वरची रिबीन परीक्षक देतच नाहीत. मी पिनहोल्डरवर, म्हणजे दांडे खोचायच्या खिळ्यांच्या बैठकीवर, नऊ लिल्या गच्च बसवल्या होत्या, खाली नेचा, बाजूला हॉस्टाची पानं. आपल्याकडे गौरीपुढे मोकळी जागा दिसली तर लोक यजमानाच्या खिशाची चौकशी करतात. शेऱ्याच्या कार्डावर लिहिलं होतं, की फुलांना थोडी हवा मिळाली असती तर बरं. हल्ली मी तीनच फुलं वापरते. अजून दरवेळी हात चौथ्याकडे जातोच.

फुलं देतात एक आजोबा. सरळ दांडे ते स्वतःच्या वर्गासाठी ठेवतात आणि वाकडे बादलीत घालून माझ्या टेबलाशी आणून आदळतात. "वाकडे आहेत, मला उपयोग नाही." वाकड्याचाच मला उपयोग, सरळ दांड्याची रचना म्हणजे कवायत. पण कापताना त्यांना यातना होतात हे दिसतं. लिलीचा कंद पुढच्या वर्षाची शिदोरी पानांतून भरतो, त्यामुळे दांडा कापायचा तो वरचा तिसरा हिस्सा, फार तर अर्धा. त्याहून खाली कात्री गेली तर पुढच्या वर्षी फूल विसरा. हे ते मला दरवर्षी सांगतात. मी मान डोलवते. माझं काय जातं?

गेल्या ऑक्टोबरात त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक कंद दिला. मी तो कुंडीत लावला, हिवाळाभर गॅरेजमध्ये गाडीशेजारी ठेवला आणि जवळजवळ विसरले. मे महिन्यात बाल्कनीत आणला, तर कोंब वर. जूनअखेर पाच कळ्या. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी मोजायचे. पाच. नवऱ्याने फोन करताना कठड्याला टेकून एकदा पान मोडलं, तेव्हा त्याला मी जे बोलले ते पुन्हा सांगण्यासारखं नाही.

पहिल्या दोन कळ्या उमलल्या त्या बरोबर स्पर्धेच्या आदल्या दिवशी. पिवळ्याधमक, आतून लालसर ठिपके, दांडा छान वाकडा. यंदाच्या विषयाला अगदी बेतून केल्यासारखा. रात्री कात्री घेऊन बाल्कनीत गेले. वरचा तिसरा हिस्सा, म्हणजे कुठून, हे बोटाने मापूनही झालं. थोडा वेळ उभी राहिले, मग आत येऊन कात्री जागेवर ठेवली. सकाळी आजोबांच्या बादलीतले तीन दांडे मी कचाकच कापले.

कुंडीतल्या फुलाचे पुंकेसर काढावेत हेसुद्धा सुचलं नाही. पाणी घालताना बाही लागली असणार.

चिकटपट्टीची वेळ गेली. उन्हाने पराग फिके पडतात म्हणतात, म्हणून कुर्ता बाल्कनीत टाकलाय. तिथे जागा एवढीशी, वाळत घालायचं ते कुंडीला खेटूनच. चार उमलल्या. पाचवी अजून बंद आहे.