लोखंडाच्या ड्रिलवर लाकूडकाम

झोपाळ्याच्या फळीला चार भोके पाडायची, एवढ्यासाठी बेंच ड्रिल, म्हणजे बाकावर उभे ठेवायचे भोके पाडण्याचे यंत्र, विकत घेण्याची गरज नाही, असे घरातल्यांचे म्हणणे होते आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. पण फळी सागवानी होती, ४० मिलिमीटर जाडीची आणि जुनी. तिच्यावर हातातल्या ड्रिलने प्रयोग करण्याचे धाडस मला होईना. हात अवघा दोन अंशांनी कलला, तरी एवढ्या जाडीत भोक वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला जवळजवळ दीड मिलिमीटर सरकते आणि मग पितळी कडी त्यात अडून बसते. शेवटी १३ मिलिमीटरपर्यंतचे बिट (भोक पाडणारे पाते) धरणारे, अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीचे साधे यंत्र मी घेतले.

आपल्या बाजारात मिळणारे बेंच ड्रिल मुळात लोखंडाच्या कामासाठी बनवलेले असते, ही गोष्ट लाकूडकाम करणाऱ्याने पहिल्या दिवशीच समजून घ्यावी. टेबल लहान असते, त्याला नट-बोल्टसाठी आरपार खाचा असतात आणि फळी टेकवायला आडपट्टी नसते. लोखंडाचा तुकडा त्या टेबलावर सुखाने बसतो; पाच फुटांची फळी मात्र दोन्ही बाजूंनी लोंबकळते.

यंत्र नवे असल्याने स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, गंज न चढण्यासाठी लावलेले चिकट ग्रीस होते. पूर्वी ते रॉकेलने पुसत. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून डिझेलचे फडके वापरले. इथे माझी एक चूक झाली. पुसून झाल्यावर गंजाच्या भीतीने स्पिंडलच्या निमुळत्या टोकावर मी तेलाचा हलका हात फिरवला आणि बिट पकडणारा चक त्यावर बसवला. चक त्या टोकावर केवळ घर्षणाने धरलेला असतो; तिथे तेल असले की ती पकडच जाते. दुसऱ्याच भोकाला चक सुटून टेबलावर आदळला. मग दोन्ही पृष्ठभाग कोरडे ठाक करून, चकचे जबडे पूर्ण आत घेऊन, लाकडी मोगरीचा एक ठोका दिला. त्यानंतर चक हललेला नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो टेबल काटकोनात आणण्यात. बिटाला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून पाहण्याची पद्धत फारशी खात्रीची नाही, कारण बिटाची सरळ कड आखूड असते. मी वेल्डिंगच्या रॉडचे आवरण झटकून टाकले, आतली तार दोनदा काटकोनात वाकवली आणि एक टोक चकमध्ये आवळले. दुसरे टोक मध्यापासून १०० मिलिमीटर दूर, टेबलाकडे तोंड करून राहिले. प्लग काढून चक हाताने फिरवला. डावीकडे तार टेबलावर ठेवलेल्या कागदाला जेमतेम घासत होती, उजवीकडे तिच्याखाली १ मिलिमीटरची फट दिसत होती. टेबलाखालचा बोल्ट सैल करून तो कल काढता आला. पुढची कड मात्र मागच्यापेक्षा किंचित खाली होती आणि त्यासाठी यंत्रात काहीच सोय नव्हती.

तो उतार लाकडी टेबलाने भागवला. १८ मिलिमीटर प्लायचा, साधारण दोन फूट लांबीचा पाट लोखंडी टेबलावर बोल्टने आवळला आणि त्याच्या पुढच्या कडेखाली जुन्या लग्नपत्रिकेचे दोन थर सारले. (जाड कागदाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.) मधोमध एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) चौकोनी तुकडा सुटा ठेवला आहे, बिट बाहेर पडताना लाकडाला खालून आधार मिळतो, त्यामुळे भोकाची कड फाटत नाही आणि तुकडा झिजला की बदलता येतो. मागे सागाची आडपट्टी आहे. तिची खालची धार रंध्याने थोडी उडवली आहे, म्हणजे तिथे भुसा अडकत नाही.

वेगाच्या बाबतीत मी लाकूड जाळून शिकलो. वेग ठरवणारा बेल्ट मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांच्या पुलीवर होता आणि मी तसाच ३५ मिलिमीटरचा फोर्स्टनर बिट लावला. बेंजामिन फोर्स्टनर या अमेरिकी कारागिराने १८७४ मध्ये पेटंट घेतलेला हा बिट सपाट तळाचे स्वच्छ भोक पाडतो. त्याची गोल कड लाकूड सतत घासत राहते, म्हणून तो तापतोही लवकर. त्या वेगाला त्याची कड मिनिटाला २७५ मीटर धावते. सागाच्या तुकड्यातून धूर आला, भोकाचा काठ काळा पडला आणि बिटाच्या धारेवर निळी झाक आली. आता मोठ्या फोर्स्टनरला ५०० च्या आसपासच फेरे देतो. ८ मिलिमीटरच्या बिटाला २,००० चालतात. दोन्हींत कडेचा वेग जवळजवळ सारखाच, ५० ते ५५ मीटर, पडतो.

मग फळी घेतली. तिची दोन्ही टोके पाटाच्याच उंचीच्या स्टुलांवर टेकवली. लांब बाजू यंत्राच्या मागच्या उभ्या खांबाच्या डावीकडे ठेवली, कारण बिट अडकून लाकूड फिरलेच तर ते खांबावर आपटते, आपल्या पोटावर येत नाही. तरीही क्लॅम्प लावला, आणि हातमोजे घातले नाहीत, कारण बिटाने मोजा पकडला की हातही ओढला जातो.

फळीच्या खालच्या अंगाला नट आणि वायसर लपवायचे होते. त्यासाठी आधी फोर्स्टनरने ६ मिलिमीटर खोल खळगा घेतला, कारण आरपार भोक आधी पाडले तर फोर्स्टनरच्या मधल्या टोकाला टेकायला लाकूडच उरत नाही. फोर्स्टनरने सोडलेल्या टिंबावर मग १३ मिलिमीटरचे, मध्ये टोक असलेले बिट लावले. ते टोक वरच्या अंगाला सुईएवढे दिसताच थांबलो, फळी उलटवली आणि उरलेले लाकूड वरून काढले, त्यामुळे वरची कड स्वच्छ राहिली.

१२ मिलिमीटरच्या तीन कड्या आपल्या वजनाने खाली उतरल्या. चौथीला कानस लावावी लागली. त्या भोकाच्या वेळी फळीखाली सागाची एक ढलपी राहून गेली होती, हे मला फळी उचलल्यावर दिसले.