तीनशे बावीस टप्पे

बाबा एसटीत कंडक्टर होते, चिपळूण डेपोला. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी किलोमीटरमध्ये सांगितलेलं अंतर त्यांच्या डोक्यात शिरत नाही. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि भाडं टप्प्यावर. मला दुबईत नोकरी लागली तेव्हाही पहिला प्रश्न तोच. "किती टप्पे गं?"

मुंबई-दुबई सरळ अंतर साधारण १,९३० किलोमीटर. त्यांनी तोंडीच भागलं. "तीनशे बावीस. म्हणजे आपलं चिपळूण-मुंबई आठ वेळा." एवढंच होय, असा चेहरा.

गेल्या डिसेंबरात सुट्टीचं तिकीट काढलं आणि त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. दुबई २२:००, मुंबई ०२:३५. परतीचं मुंबई १०:००, दुबई ११:५०. दहा मिनिटांत फोन.

"येताना साडेचार तास आणि जाताना दोनसुद्धा नाहीत? ड्रायव्हर बदलतात काय?"

मी सांगितलं, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि तिकिटावरची वेळ ज्या त्या गावची. मग पलीकडून कागदाची खसखस ऐकू आली. कालनिर्णयच्या मागच्या पानावर हिशेब चालला असणार, वेबिल भरल्यासारखा. "येताना तीन तास पाच. जाताना तीन वीस. वरची पंधरा मिनिटं कसली?"

खरं सांगते, सहा वर्षं ये-जा करून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. हिवाळ्यात वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. इकडे येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. अंतर तेच, वेळ वेगळा.

"हां, म्हणजे परशुराम घाट," बाबा म्हणाले. "उतरताना वेगळा, चढताना वेगळा."

तिकिटावरचे तीन तासही सगळे हवेतले नसतात. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतचा तो वेळ. हवेत जेमतेम पावणेतीन. त्या रात्री मात्र वाऱ्याने वाचवलेली मिनिटं मुंबईने व्याजासकट वसूल केली. समुद्रावर वीस मिनिटं घिरट्या, खिडकीतून त्याच बोटींचे दिवे तीनदा दिसले. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवर एकदम विमानं सोडता येत नाहीत. नंतर बाबांना हे सांगितलं तर त्यांना विमानाची दया आली. "फलाट रिकामा नसला की आम्ही गाडी स्टँडबाहेर उभी करायचो. ते बिचारं उभं कुठे राहणार!"

सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत चार वाजले. पनवेलपर्यंत गाडी मस्त पळाली. वडखळला चहा घेतला, तोवर मी खुशीत. पण नाताळची सुट्टी, अख्खी मुंबई कोकणात निघालेली, माणगावला गाड्यांची रांग लागली ती हलेचना. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी डबा उघडून पोरांना घावणे भरवून संपवले, तरी आम्ही त्याच टपरीसमोर.

दारात पोचले तेव्हा दुपारचे बारा. बाबा पडवीत घड्याळ बघतच बसलेले.

"एक्केचाळीस टप्पे, आठ तास," ते म्हणाले आणि माझी बॅग उचलली. "वारा समोरून होता वाटतं."